झोपवलेली अक्षरं

आमच्या दुकानातला कम्प्युटर सकाळी चालू केला की मी चहा ठेवायची. चहा उकळायचा, मी गाळायची, दाजींना द्यायची, माझा प्यायची, कप विसळून पालथे घालायची, तरी त्या मेल्याचं आपलं सुरूच. पडद्यावर वाळूचं घड्याळ उलटंसुलटं होत राहायचं. कारण एकच होतं. त्याच्या पोटात फॉन्ट ठासून भरले होते.

फॉन्ट म्हणजे एका वळणाच्या अक्षरांचा संच, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पण त्या काळी मराठी फॉन्टनी जो जीव खाल्ला तो ज्यांनी डीटीपी केलं त्यांनाच कळेल. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, त्याची बटणं वेगळी. एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्यात टाकलं की ‘प्रवेश सुरू’चं भलतंच काहीतरी व्हायचं, नुसते कंस, ठिपके आणि डॉलरच्या खुणा. त्यामुळं गिऱ्हाइकाची जुनी फाइल उघडायची तर त्याचाच फॉन्ट हवा. म्हणून एकही फॉन्ट काढून टाकायची छाती होत नसे. कोण कधी कुठली जुनी पत्रिका घेऊन उगवेल याचा काय नेम?

दुकान लातूरला, क्लासच्या गल्लीत. भूकंपानंतरच्या वर्षांत लातूर असं काही बदललं की आम्हालाच आमचं गाव ओळखू येईना. बारावीच्या निकालात लातूरची पोरं वर आली, मग अख्ख्या मराठवाड्यातून आईबाप पोरांच्या पत्र्याच्या पेट्या घेऊन इथं यायला लागले. घरमालकांनी स्वतः एका खोलीत गोळा होऊन बाकीच्या खोल्या पोरांना दिल्या. क्लासवाल्यांना रोज काहीतरी छापायचं असायचं. हँडबिल, प्रश्नपत्रिका, आणि निकाल लागला की फोटोंचे हे एवढाले बॅनर. मी एका ओळखीच्यांकडं डीटीपी शिकलेली, नवरा शाळेत मास्तर, घरात बसून करायचं काय म्हणून दुकान टाकलं आणि बघता बघता मला मान वर करायला सवड मिळेना.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आक्का भूकंपात गेली. सासू, घर, गोठ्यातली जनावरं, सगळं तिच्यासोबतच गेलं. पोरबाळ नव्हतं. ‘लेकरू नव्हतं ते एक बरंच झालं,’ असं दहाव्याला एक बाई म्हणाली, तेव्हा तिच्या थोबाडीत द्यावी असं मला मनापासून वाटलं होतं. अजूनही वाटतं.

दाजी पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती, गणपतीच्या मंडळांचे पडदे. भूकंपाच्या साली लातूरच्या एका मंडळाचं काम केलं होतं, विसर्जनाची मिरवणूक संपायला उशीर झाला आणि आमच्याकडंच मुक्कामाला राहिले. म्हणून वाचले. त्यांना वाचल्याचं बरं वाटलं असं मला कधी दिसलं नाही.

पुढं काही वर्षं ते गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. सरकारी घर मिळालं, त्याला कुलूप लावून लातूरला आले आणि क्लासच्या पाट्या रंगवायला लागले. फ्लेक्स आलं तशी पाट्यांची कामं आटली. त्याच सुमाराला त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कप हलायचा, मग बुरूश. मी म्हटलं, दाजी, दुकानात येऊन बसा. घरातलं माणूस बसलेलं असलं की गिऱ्हाईकही नीट बोलतं. तसे ते यायला लागले. कागद कापायचे, गठ्ठे बांधायचे, फोन घ्यायचे. बोलणं मुळात कमी, ते आणखी कमी झालं.

त्यांचं असं बसून राहणं मला बघवेना. एके दिवशी मी म्हटलं, तुमची अक्षरं मला द्या, मी त्याचा फॉन्ट करते. हात चालला नाही तरी अक्षर चालेल. ते गठ्ठे बांधत राहिले. पुष्कळ दिवस गेले, मी विसरूनही गेले. मग एकदा त्यांनी एक पुठ्ठा आणून दिला. बटर पेपरवर काढलेली अक्षरं ब्लेडनं कापून क, ख, ग अशी ओळीनं चिकटवलेली होती. कागद पिवळे पडलेले, पण अक्षरं काय होती म्हणून सांगू. ठसठशीत, जराशी बुटकी, पोटात गोल. ‘क’ असा की त्याला हात लावून बघावंसं वाटावं. काही अक्षरं नव्हतीच, ती मी इकडची तिकडची कापून जोडून भागवली. लातूरच्या विजेच्या वेळा सांभाळत, लाइट आली की स्कॅन कर, लाइट गेली की बसून राहा, असं करत तो फॉन्ट झाला. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या लग्नात झाला नव्हता.

आणि तो चालला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक क्लासवाले सर. त्यांनी एक हँडबिल त्या अक्षरात बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, यापुढं आमचं सगळं याच्यात. हे अक्षर बघितलं की पालकांना घरचं कुणीतरी बोलतंय असं वाटतं.” मग काय, ‘यशाची परंपरा’ दाजींच्या अक्षरात, ‘मर्यादित जागा’ दाजींच्या अक्षरात. निकालाचे बॅनर दाजींच्या अक्षरात. मी त्यांना बोलावून बोलावून दाखवायची. ते ‘बरं हाय’ म्हणायचे आणि आपली खुर्ची दाराकडं वळवून बसायचे. नंतर नंतर ती खुर्ची कायमच दाराकडं तोंड करून असायची. मला राग यायचा. आपण एवढं मरमर करावं आणि ह्या माणसाला त्याचं काहीच नाही?

तर कम्प्युटर. एका निकालाच्या दिवसात तो असा काही अडकला की अर्धा बॅनर झालेला असताना जागच्या जागी मेला. सर दुकानात उभे, बाहेर गाडी चालू, आणि इथं पडदा निळा. त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ठरवलं, आता फॉन्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यायचंच.

त्याचं काम साधं असतं. सगळे फॉन्ट एका कपाटात ठेवायचे आणि लागतील तेवढेच बाहेर काढायचे. बाकीचे झोपलेले. झोपलेल्या फॉन्टचा कम्प्युटरला भार होत नाही. काम झालं की पुन्हा झोपवायचे. गिऱ्हाइकाप्रमाणं कप्पे करता येतात, याच्या पत्रिकेचे हे, त्याच्या क्लासचे ते.

मी चार ठिकाणी विचारलं. एक सॉफ्टवेअर फुकटचं होतं, एका ओळखीच्याने सीडीवर दिलेलं. ते आपल्या मनाने काहीच करायचं नाही. प्रत्येक फॉन्ट हाताने उठवा, हाताने झोपवा. वर नमुना म्हणून ते सगळी इंग्रजी अक्षरं येणारं वाक्य दाखवायचं, कोल्हा कुत्र्यावरून उडी मारतो ते. मराठी फॉन्टमध्ये त्या कोल्ह्याची जी काही चटणी व्हायची ती बघून काय ओळखणार कुठला फॉन्ट ते? दुसरं एक होतं ते सारखे दिसणारे फॉन्ट शोधून एक ठेवायचं आणि दुसरा पुसायचं. आमच्याकडं एकाच नावाचे आणि आत वेगळे असे कितीतरी फॉन्ट. त्याच्या हातात कपाट दिलं असतं तर माझं निम्मं दुकान साफ झालं असतं. ते मी पहिल्या दिवशीच उडवलं. तिसरं विकतचं, चांगलं महाग. त्याचा माणूस दाखवायला दुकानात आला.

तो आला ती दुपारची वेळ होती. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, तोंडात साखर. त्याने माझ्याच कम्प्युटरवर ते चढवलं आणि सरांच्या क्लासची एक जुनी फाइल उघडायला लावली. त्यातले फॉन्ट झोपलेले होते. फाइल उघडली आणि एकेक अक्षर आपसूक जागेवर येऊन बसलं.

“बघा मॅडम,” तो म्हणाला, “तुम्हाला काहीच करायचं नाही. फाइल उघडली की जो फॉन्ट लागतो तो आपोआप ऑन होतो.”

मला ते फार आवडलं. मी मनात हो म्हणून टाकलं होतं. तेवढ्यात दाजींनी खुर्ची वळवली. कम्प्युटरच्या कामात त्यांनी आजवर कधी तोंड घातलं नव्हतं.

“आपोआप उठतंय?” त्यांनी विचारलं.

“हो काका.”

“आन् एखादं उठू द्यायचं नसलं तर?”

तो माणूस हसला. “का नाही उठू द्यायचं, काका? लागतो म्हणूनच तर फाइलमध्ये आहे ना तो?”

“तरीबी,” दाजी म्हणाले. “समजा एकदा झोपवलं. मग आपण स्वतः उठवल्याबिगर कोन्त्याबी फायलीनं उठणार न्हाई, असं जमतंय का?”

त्याने माझ्याकडं बघितलं. मला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, दाजी, नंतर बघू. त्या माणसाने कागद दिले, मी त्याला दोन दिवसांनी कळवते म्हणून वाटेला लावलं. तो गेल्यावर मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, इतकी वर्षं तुम्ही तोंडातून शब्द काढला नाही, आणि आज परक्या माणसापुढं हे काय काढलंत? काय झोपवायचंय तुम्हाला?

त्यांनी पडद्याकडं बोट केलं. “माझं.”

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही, मध्येच थांबत, मध्येच पाणी पीत.

शेडमध्ये राहायला गेल्यावर सगळ्यांचे पत्रे सारखेच. रात्री माणसं दुसऱ्याच्या दारात जायची. म्हणून दाजींनी प्रत्येकाच्या दारावरच्या पत्र्यावर घरवाल्याचं नाव रंगवून दिलं. तर एक म्हातारा म्हणाला, माझं कशाला लिहितोस, मी हाय की. जी गेली तिचं लिही. मग सगळेच म्हणायला लागले. दारावर गेलेल्यांची नावं. कुणाचं एक, कुणाच्या दारावर पत्रा पुरेना इतकी. पत्र्यावर चुकलं तर पुसताना डाग राहतो, म्हणून दाजी आधी बटर पेपरवर काढायचे, घरच्यांना दाखवायचे, मग छाप घेऊन रंगवायचे. घरचे त्या कागदावरून हात फिरवायचे. इथं जरा मोठं करा म्हणायचे. ते पत्रे नंतर निघाले, भंगारात गेले. कागद दाजींजवळ राहिले.

“तू अक्षरं मागितलीस,” ते म्हणाले. “दुसरं होतंच काय माझ्यापशी? तेच कापले.”

मी पुठ्ठा आठवला. क, ख, ग. ब्लेडनं किती बारीक कापलं होतं सगळं.

त्यांनी पडद्यावरच्या हँडबिलावर एकेका अक्षरावर बोट ठेवलं. हा ‘ठ’ शेजारच्या म्हातारीच्या नावातला. हा ‘ग’ तालमीतल्या पोराचा, ज्याचं लग्न ठरलं होतं. ही वेलांटी एका लहान लेकराची. “बापानं मला सारखी पुसायला लावली ती. म्हणायचा, माझ्या पोराचं नाव कोरं करकरीत दिसलं पायजे. शाळंत जायच्या वयाचं होतं.” ती वेलांटी ‘हमी’मध्ये होती. शंभर टक्के निकालाची हमी.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो इतका आला की माझे कान तापले. म्हटलं, आणि तुम्ही गप्प बसलात? मी तुम्हाला बोलावून बोलावून दाखवत होते तेव्हा सांगायला काय झालं होतं?

“तू लई हौसेनं केलंस,” ते म्हणाले. एवढंच.

त्यानंतर त्या पडद्याकडं बघणं मला जड जायला लागलं. कारण दाजींनी सांगितलं नसलं तरी मला कळत होतं की इतक्या जणांची अक्षरं यात आहेत तर आक्काचंही असणारच. तिच्या नावात फार वेगळं अक्षर नव्हतं. रोज लागतील अशीच अक्षरं होती. म्हणजे मी रोज तिलाच बटणं दाबून क्लासच्या कामाला लावत होते. विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं आणि त्यांनी बोट ठेवलं तर ते अक्षर मला पुन्हा कधी टाइप करता आलं नसतं.

तेव्हा सॉफ्टवेअरचा प्रश्न माझ्यापुरता सुटला. आपोआप उठवणारं नको. मी फुकटचं घेतलं, हाताने चालणारं. नवरा म्हणाला, चांगलं सोडून हे काय भिकार घेतलंस? मी म्हटलं, मला परवडतंय ते घेतलंय. बसून सगळे कप्पे केले. पत्रिका, क्लास, दवाखाने, निवडणूक. सगळ्यात शेवटी एक कप्पा केला, त्याला नाव दिलं नाही, त्यात दाजींचा फॉन्ट टाकला आणि झोपवला. सरांच्या फायली उघडल्या की आता दाजींच्या जागी भलताच फॉन्ट यायचा आणि मजकुराचा पार चुथडा व्हायचा. मी एकेक फाइल दुसऱ्या अक्षरात नव्याने टाइप केली. बोटं दुखून आली, पण केली.

सरांना म्हटलं, तो फॉन्ट खराब झाला, उघडतच नाही. त्यांना ते काही पटलं नाही. “मॅडम, ते अक्षर म्हणजे आमची ओळख झाली होती. असं कसं खराब होतं?” मी म्हटलं, होतं. कम्प्युटर आहे, काहीही होतं. दोन-तीन वेळा त्यांनी विचारून बघितलं, मग काम दुसरीकडं न्यायला लागले. त्यांच्या मागं अजून दोघं गेले. निकालाच्या दिवसात आमच्या दुकानात माणसं मावायची नाहीत, त्या साली मी दुपारी पेपर वाचत बसले होते. घरात त्यावरून बोलणी बसली. बसू देत म्हटलं. कारण दाजींनी खुर्ची वळवली होती. आता ते पडद्याकडं तोंड करून बसायचे. मी काम करताना बघायचे, कधी म्हणायचे, ही ओळ जरा खाली घे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एका ठिकाणी काम करतोय असं वाटायला लागलं होतं.

हाताचं दुखणं वाढलं तेव्हा कुणीतरी नांदेडचा एक डॉक्टर सांगितला. मी दाजींना घेऊन एसटीने गेले. डॉक्टरने हात धरला, सोडला, बोटं मिटायला लावली, गोळ्या लिहून दिल्या. यापुढं असंच राहील, वाढू नये एवढं बघू, म्हणाला. आम्ही दोघं बाहेर आलो. ऊन तापलं होतं. रसवंतीत बसू म्हणून रस्ता ओलांडला आणि समोर दुकानावर फ्लेक्स होतं. ‘साड्यांचा भव्य सेल’. दाजींच्या अक्षरात.

मला आधी वाटलं भास होतोय. मग पलीकडं बघितलं. ‘प्लॉट विकणे आहे’. त्याच्या शेजारी ‘थंड पाण्याचे जार मिळतील’. विजेच्या खांबाला बांधलेलं एक वाढदिवसाचं, कुण्या दादांना हार घातलेला. तोच बुटका ‘क’, तोच पोटात गोल ‘ठ’. अख्खा रस्ता दाजींच्या अक्षरात बोलत होता.

आणि त्याच क्षणी सगळं कळलं. सुरुवातीला लातुरात फ्लेक्सचं मशीन नव्हतं. आमचे बॅनर नांदेडच्या एका फ्लेक्सवाल्याकडं छापून घ्यायचो. फाइल सीडीवर टाकायची आणि सीडी एसटीच्या कंडक्टरकडं द्यायची, की इकडं त्यांचा माणूस स्टँडवर येऊन घ्यायचा. आणि सीडीवर फाइलबरोबर फॉन्ट द्यायचाच, नाहीतर तिकडं अक्षरं तुटतात. आमच्या धंद्यात हे सगळ्यांनाच पाठ. गिऱ्हाइकाला बिल द्यायचं विसरेल, पण सीडीत फॉन्ट टाकायचं कुणी विसरत नाही. वर्षानुवर्षं प्रत्येक बॅनरबरोबर दाजींची अक्षरं एसटीत बसून नांदेडला आली होती. मी इकडं कपाटाला कुलूप लावून बसले होते, आणि घराची मागची भिंतच नव्हती.

दाजींना रसवंतीत बसवलं आणि मी तडक त्या फ्लेक्सवाल्याकडं गेले. त्याने मला ओळखलं. बसा ताई, चहा घ्या, झालं. मी विचारलं, तो फॉन्ट तुमच्याकडं अजून आहे का? तो खूश झाला.

“तुमचाच की ताई. आम्ही लातूर फॉन्ट म्हणतो त्याला. लई चालतो. परवाच देगलूरचं पोरगं घेऊन गेलं, धर्माबादला बी आपणच दिला.”

“तो काढून टाका,” मी म्हटलं.

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग माझा चेहरा बघून तो जरा सावरून बसला. “काढतो हो. पण कुठून कुठून काढू? माझ्याकडून काढला म्हणून जातोय का तो?” त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून माझा संताप अजूनच वाढला. बोलायला तोंड उघडलं तर काय सांगणार होते मी त्याला? शेडमधल्या पत्र्यांचं सांगायचं? मी चहा न घेता उठले.

परत आले तर दाजी रसाचा ग्लास तसाच पुढ्यात ठेवून समोरचं वाचत होते. साड्यांचा भव्य सेल. परतीच्या एसटीत त्यांना खिडकी दिली होती, ती द्यायला नको होती असं मला मागाहून वाटलं. लोह्याला गाडी थांबली तर बियाण्याच्या दुकानावर तेच. अहमदपूरला शाळेच्या भिंतीवर तेच. दाजी प्रत्येक ठिकाणी बघत होते आणि मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते. इतकी वाईट एसटी मी आयुष्यात केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळेला दुकानात आले. मी चहा दिला. कप दोन्ही हातांनी धरून प्याले, मग म्हणाले, “ते उठव.”

“काय?”

“माझं अक्षर. झोपवलंस ते. उठव.”

मी म्हटलं, दाजी, तुमच्यासाठी तर केलं सगळं. गिऱ्हाईक घालवलं, घरच्यांची बोलणी खाल्ली.

“म्हाईत हाय मला,” ते म्हणाले. “पर भाइर त्यांना कोण वळखतंय? साडीवाल्याला म्हाईत न्हाई, प्लॉटवाल्याला न्हाई. हितं आपुन दोघं तरी हाव. ज्या ठिकाणी त्यांना वळखणारं माणूस हाय, तिथंच ते झोपलेले. आन् जिथं कुणीच न्हाई तिथं उभे. हे काय बरं न्हाई वाटत मला.”

मी कप्पा उघडला, त्यांच्या फॉन्टवर खूण केली. फुकटच्या सॉफ्टवेअरनं जरा वेळ घेतला आणि तो उठला. एक कोरं पान घेऊन मी सगळी अक्षरं ओळीनं टाकली, त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवली होती तशी. ते खुर्ची पुढं ओढून बसले. एकेकाकडं बघत होते, काही ठिकाणी मान हलवत होते. मला वाटलं आता विचारावं. आता नाही तर कधीच नाही.

“दाजी,” मी म्हटलं, “ह्यातलं आक्काचं कोणतं?”

मी अक्षरांवरून नजर फिरवत होते. तिच्या नावातलं प्रत्येक अक्षर पडद्यावर होतं.

“तिचं न्हाई ह्यात,” ते म्हणाले.

मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी म्हटलं, काय?

“लोकायच्या पत्र्यावर लिहिलं. आपल्या पत्र्यावर न्हाई लिहवलं मला. सकाळी बुरूश घिऊन दारात उभा राहायचो. मग कुणीतरी हाक मारायचं, आमचं राहिलंय म्हणून. जायचो त्यांच्याकडं.” ते हातातल्या कपाकडं बघत होते. “शेड मोडस्तोवर आपला पत्रा कोराच होता.”

मला काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. जिच्यासाठी मी एवढं सगळं झोपवून ठेवलं, ती त्यात नव्हतीच. नांदेडच्या रस्त्यावर नव्हती, लोह्याच्या दुकानावर नव्हती, माझ्या कपाटात नव्हती. तिला कुणी विकलं नव्हतं आणि कुणी जपलंही नव्हतं. दाजींवर ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार काय? ती अक्षरं दुसऱ्यांची सून, दुसऱ्यांची आई, दुसऱ्यांची पोरं होती, आणि आता तीच तेवढी आमच्याजवळ होती.

मी खाली एक ओळ सोडली आणि तिचं नाव टाइप केलं. म्हातारीचं एक अक्षर घेतलं, तालमीतल्या पोराचं घेतलं, त्या लहान लेकराची वेलांटी घेतली. मोठं केलं, पानभर. दाजी बघत राहिले. त्यांचा हात मांडीवर होता आणि थरथरत होता, पण त्यांनी तो दुसऱ्या हातानं दाबून धरला नाही, एरवी धरायचे.

बाहेर क्लास सुटला, पोरं सायकली काढत होती. मी विचारलं, “प्रिंट काढू का?”

“नको,” दाजी म्हणाले. “ज्याची अक्षरं त्याला जाऊ दे.”

मी फाइल बंद करायला घेतली. हे ठेवायचं का, असं कम्प्युटरनं विचारलं. मी दाजींकडं बघितलं, त्यांनी नको म्हणून मान हलवली, आणि मी नाही म्हटलं.